घामात टिकलेला मेकअप दाखवा, समुद्र नको: पोर्टफोलिओबद्दल थोडं

मेकअपचा कोर्स संपवून आलेल्या मुली हल्ली मला व्हॉट्सअ‍ॅपवर पोर्टफोलिओ पाठवतात, ताई जरा बघा ना म्हणून, आणि त्यातले निम्मे बघून मला कळतच नाही की ही मुलगी नेमकी काय विकतेय, मेकअप, भाड्याचे दागिने की तारकर्लीचा समुद्र. नवरी पाठमोरी, शालू उडतोय, सूर्य बुडतोय. फोटो सुंदरच आहे हो, पण तो फोटोग्राफरच्या पोर्टफोलिओत शोभतो. तुमचं काम चेहऱ्यावर आहे, तर चेहरा दिसायला हवा ना!

आणि बघणारं कोण आहे ते आधी डोक्यात घ्या. आपल्याकडे एकटी नवरी कधीच ठरवत नाही. फोन आईच्या हातात जातो, मग मावशीच्या, मग मुंबईच्या काकीला फॉरवर्ड होतो. त्यात लग्नं बरीचशी मे महिन्यात, कारण चाकरमानी तेव्हाच गावी असतात, म्हणजे खळ्यात मांडव, वरून ऊन, हवेत ती चिकट दमट वाफ आणि मांडवातला पंखा नवरीला सोडून भटजींकडे फिरवलेला. त्यामुळे आई एकच विचारते, "घामान जावचो नाय मां गो हो मेकप?" पोर्टफोलिओच्या पहिल्याच पानाने ह्याचं उत्तर द्यायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणजे काय करायचं, तर मेकअप झाल्यावर एक क्लोजअप घ्यायचा आणि पंगती उठल्यावर, रिसेप्शनची साडी बदलायच्या आधी, टचअप न करता त्याच नवरीचा दुसरा. जागा तीच, अंतर तेच, फोन तोच, फिल्टर नाही. दोन्ही शेजारी शेजारी लावा आणि खाली वेळ लिहा. दुसऱ्या फोटोत नाकाच्या बाजूला थोडी चमक आली असेल तर येऊ दे, पाच तासांनी माणसाचा चेहरा असाच दिसतो आणि आयांना ते बरोबर कळतं. हे असं पान मला फार क्वचित बघायला मिळतं, सगळ्या आपल्या बिफोर-आफ्टरच टाकतात आणि त्यातही बिफोर अंधाऱ्या खोलीतला आणि आफ्टर रिंग लाइटसमोरचा, मग त्या फरकाचं श्रेय मेकअपला द्यायचं की लाइटला?

लाइटचं म्हणाल तर आपल्याकडे फुकटचा स्टुडिओ म्हणजे घराची पडवी. तोंड बाहेर करून बसवा, थेट ऊन नको, बास. पण एक गंमत असते, जांभ्याची भिंत किंवा लाल कोबा जवळ असला की गालावर लालसर झाक येते, माडाखाली हिरवट, आणि मांडवाच्या गुलाबी कापडाखाली तर फाउंडेशनची शेड चुकल्यासारखीच वाटते. भिंतीपासून लांब बसवा, खाली पांढरी चादर अंथरा आणि पांढऱ्या कापडावर व्हाइट बॅलन्स सेट करा, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसेल असं कॅमेऱ्याचं सेटिंग. समुद्रावर शूट करायचंच असेल तर दुपारी नका जाऊ, डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात आणि वाळूवरून उलटा उजेड येतो तो वेगळाच. किनाऱ्यावर फोनच्या लेन्सवर खारा चिकट थर बसतो, तो पुसल्याशिवाय काढलेला प्रत्येक फोटो धुकट येणार. फोन चेहऱ्याला चिकटवू नका, नाक मोठं दिसतं, दोन पावलं मागे जाऊन २एक्स झूमवर घ्या. ब्युटी मोड बंद. त्वचेची रोमछिद्रं दिसू देत, ती पुसलीत तर बेस, म्हणजे खालचा फाउंडेशनचा थर, कसा बसलाय ते कळणार कसं?

फ्लॅश मारून एक फोटो आधीच चेक करा. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवालं सनस्क्रीन आणि सिलिकावाली पांढरी एचडी पावडर फ्लॅशमध्ये चेहरा भुतासारखा पांढरा करतात, आरशात बघताना काहीच कळत नाही.

फोटो १५-२० पुरे. पण सगळ्या एकाच साच्यातल्या नवऱ्या नकोत. नऊवारी, नथ, मुंडावळ्यांचा लूक तर पाहिजेच, त्याबरोबर एखादी कोकणी मुस्लिम नवरी, एखादी गाऊनमधली ख्रिश्चन नवरी, साखरपुड्याचा हलका मेकअप, आणि नवरीची आई! पन्नाशीच्या त्वचेवर पावडर सुरकुत्यांत न बसवता काम करता येतं का, ते त्या एका फोटोत कळतं. आणि सावळा रंग. गोरी करून दाखवली की आर्टिस्ट भारी, हे खूळ अजून गेलेलं नाही, चेहरा पांढरा आणि मान-हात वेगळेच असे फोटो मुली अभिमानाने टाकतात. सावळ्या चेहऱ्यावर राखाडी न दिसणारा बेस ज्या मुलीच्या पोर्टफोलिओत दिसतो, तिला मी डोळे झाकून माझ्या मोठ्या ऑर्डरला सोबत नेते.

सिनेमा-मालिकांच्या शूटिंगच्या कामाकडे जायचं असेल तर मात्र वेगळी फाइल करा. तिथे नवऱ्या कोणी बघत नाही, म्हातारपण, जखम, घाम, आजारी चेहरा, शिवाय तोच लूक दुसऱ्या दिवशी हुबेहूब करता येतो का ते बघतात. तसं बायकांसाठी हे दार उशिराच उघडलं. मुंबईत सिने संघटनेच्या नियमामुळे बायकांना हेअर ड्रेसरचं कार्ड, म्हणजे संघटनेचं सदस्यत्व, मिळायचं, मेकअप आर्टिस्टचं नाही, २०१४ च्या नोव्हेंबरात चारू खुराना खटल्यात सुप्रीम कोर्टाने तो नियम रद्द ठरवला. जत्रांच्या दिवसांत दशावताराच्या रंगपटात जरा वेळ बसून बघा, कलाकार स्वतःचे स्वतः रंगतात आणि पुरुषाच्या चेहऱ्याची राणी होताना भुवई आणि ओठांची रेघ कुठून कुठे जाते ते कुठल्याच कोर्सात शिकवत नाहीत. परवानगी घेऊन त्यावर एखादा अभ्यासाचा लूक केलात तर तुमची फाइल लगेच वेगळी दिसेल.

परवानगीवरून आठवलं. लग्नाचे फोटो फोटोग्राफरने दिले म्हणजे झालं असं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो, म्हणजे इथे लग्नघर. म्हणून आधी नवरीला विचारा, लेखी, व्हॉट्सअ‍ॅपवरचा हो चालेल, आणि बिनमेकअपच्या फोटोसाठी वेगळं विचारा. गाव लहान असतं, तिच्या मुरुमांचे फोटो सासरच्या वाडीत फिरले तर तुम्हाला पुन्हा त्या पंचक्रोशीत काम मिळणार नाही आणि मिळूही नये. फोटोग्राफरचं नाव खाली टाकायचंच.

शेवटी पाठवायचं कसं, तर पीडीएफ करून, डॉक्युमेंट म्हणून. व्हॉट्सअ‍ॅपवर सुटे फोटो टाकले की ते दाबले जातात आणि आयलायनरची बारीक रेघ फिसकटते. फाइल हलकी ठेवा, आतल्या वाडीत रेंज एकाच दगडावर येते. रेट त्यात छापू नका, कणकवलीच्या हॉलमधलं लग्न आणि पहाटे चारला देवगडच्या आत कुठेतरी पोचायचं लग्न, दोन्हीचा रेट एक कसा असेल, ते फोनवर बोला. आणि त्या फाइलला तुमचं नाव द्या गं, "फायनल फायनल न्यू २" नावाची पीडीएफ नवरीची आई महिन्याभराने फोनमध्ये कुठून शोधणार?