चांदोबाचं आजोळ

रिक्षावाल्याने मला थेट एका देवळापुढे आणून सोडलं. मी "ऐतानगर, चक्रपाणी" एवढंच म्हटलं होतं. चक्रपाणी म्हणजे विष्णू, तेव्हा बाई दर्शनालाच आल्या असणार, या त्याच्या हिशेबात खोट काढायला जागा नव्हती. आलेच आहे तर म्हणून चपला काढल्या, नमस्कार केला, तीर्थ घेतलं. बाहेर येऊन त्याला मोबाइलवर एक चित्र दाखवलं: हातात तलवार, खांद्यावर प्रेत आणि ताठ मानेने चाललेला राजा.

"ओ! चंदमामा!" तो एकदम खुलला.

आमच्या सांगलीत त्याला चांदोबा म्हणायचे, हे मी त्याला खुणांनी सांगायचा प्रयत्न केला. त्याने आभाळाकडे बोट दाखवलं. बरोबरच होतं म्हणा.

चाळिशी उलटलेल्या बहुतेक मराठी माणसांच्या लहानपणी कुठेतरी चांदोबा या मुलांच्या मासिकाचा गठ्ठा असतो. आमच्या घरी तो माळ्यावर होता. वेताळ दर महिन्याला गोष्ट सांगायचा, राजा तोंड उघडायचा आणि सगळं मुसळ केरात. अंकात खाली बारीक अक्षरात पत्ता असायचा, वडपळनी, मद्रास. वडपळनी हे गाव गोष्टीतलंच आहे, उज्जैनीच्या पुढे कुठेतरी, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. ते मद्रासमधलं उपनगर आहे हे कॉलेजात कळलं. हा चांदोबा मुळात तेलुगू, हे त्याहून उशिरा. आणि ज्याच्या डोक्यातून तो निघाला तो माणूस, चक्रपाणी, आंध्रातल्या तेनालीचा, हे तर अगदी अलीकडे. म्हणून जानेवारीत चार दिवस रजा टाकली.

सांगलीहून एसटीने सोलापूर, तिथून रात्री कोणार्क एक्सप्रेस. दुसऱ्या दिवशी विजयवाडा. तिथून तेनाली जेमतेम तीस किलोमीटर, पॅसेंजरने जाता येतं. विजयवाडा सोडलं की गाडी लगेच पुलावर चढते. खाली कृष्णा. आयर्विन पुलावरून पाहिलेली आमची कृष्णा इथे ओळखूच येत नाही. लेक सासरी जाऊन चांगली अंगाने भरावी तसं तिचं पात्र झालंय. एका बाजूला प्रकाशम बॅरेज दिसतं, १९५७ सालचं. तिथून कालवे फुटतात आणि त्या पाण्यावर सगळा त्रिभुज प्रदेश पिकतो. मधे दुग्गिराला नावाचं स्टेशन लागलं. समोर बसलेल्या बाई म्हणाल्या, "पसुपु, पसुपु," आणि गालाला हात लावून दाखवला. हळद! दुग्गिरालाला हळदीचा मोठा बाजार आहे. सांगलीहून निघून आठशे किलोमीटर आले तर पुन्हा नदी तीच आणि पोत्यांतला मालही तोच.

तेनाली गावातून तीन कालवे वाहतात, म्हणून कुणा हौशी माणसाने त्याला आंध्रचं पॅरिस म्हणून ठेवलंय. मी पॅरिस पाहिलेलं नाही, पण तिथे कालव्याकाठी गुळाची जिलेबी मिळत नसावी. इथल्या बोस रोडवर मिळते. काळपट, जाड, आणि पहिल्या घासाला आपल्याला काकवी आठवते. जवळच रणरंग चौक आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात सात जण गेले, त्यांचं स्मारक. चौकात मोटारसायकलींची एवढी गर्दी की स्मारकापर्यंत पोचायलाच दहा मिनिटं गेली.

आता चक्रपाणी. खरं नाव आलूरी वेंकट सुब्बाराव, जन्म १९०८, घर शेतकऱ्याचं, ऐतानगरचं. ऐतानगर आता तेनालीतच मिसळून गेलंय. घर शोधायला म्हणून गेले होते, ते काही सापडलं नाही. सापडले ते कालव्याकाठच्या चहाच्या टपरीवर बसलेले एक निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना 'मास्टारु' म्हणत होते. त्यांचं हिंदी व्याकरणशुद्ध होतं, हिंदी प्रचार सभेच्या परीक्षांमधून आलेलं. चक्रपाणीही हिंदी असंच शिकले, हे त्यांनीच सुरुवातीला अभिमानाने सांगितलं. 'चक्रपाणी' हे टोपणनावसुद्धा हिंदीच्या गुरुजींनी दिलेलं.

पण मास्टारूंचा आवाज खाली आला तो पुढच्या गोष्टीला. ऐन तरुणपणी चक्रपाणींना क्षय झाला. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. हवा, विश्रांती आणि नशीब. मदनपल्लीजवळच्या आरोग्यवरमच्या सॅनेटोरियममध्ये त्यांना ठेवलं. तिथे शेजारच्या खाटेवर एक बंगाली रुग्ण. करायला दुसरं काही नाही, तर हा गडी त्याच्याकडून बंगाली शिकला! लोक तिथे दिवस मोजत असायचे, हा क्रियापदं मोजत होता. बरा होऊन बाहेर आला तो शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या कादंबऱ्या तेलुगूत आणू लागला.

"अम्मा," मास्टारु म्हणाले, "माझ्या आईला मरेपर्यंत वाटत होतं की शरत्बाबू आपल्याकडचेच, गुंटूरकडचे कोणीतरी."

यात अतिशयोक्ती असेल म्हणून मी हसले. नंतर लक्षात आलं, चांदोबाच्या बाबतीत मी वेगळं काय केलं होतं?

पुस्तकं छापायच्या निमित्ताने चक्रपाणी मद्रासला बी. नागी रेड्डींच्या छापखान्यात गेले, आणि त्या दोघांचं असं जमलं की पुढे नावंही जोडीनेच घेतली जाऊ लागली. जुलै १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या महिनाभर आधी, 'चंदमामा' तेलुगू आणि तमिळमध्ये निघाला. मराठी चांदोबा आला १९५२ साली. त्याच वर्षी संपादनाचं काम कोडवटिगंटी कुटुंबराव या कथालेखकाकडे आलं, आणि त्यांनी ते १९८० पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत केलं. तेही तेनालीचेच. मजकूर आधी तेलुगूत लिहिला जाई, मग बाकीच्या भाषांत जाई. चित्रं सगळ्यांना तीच. शंकर या चित्रकाराने काढलेला तो विक्रम राजा म्हणून तर मला रिक्षात उपयोगी पडला. आपल्या वेताळाचं मराठी मात्र कधी भाषांतरासारखं वाटलं नाही. ते ज्यांनी केलं त्यांची नावं मला आजही सांगता येत नाहीत, याची त्या टपरीवर जरा लाज वाटली.

सिनेमाचा विषय निघाला तसे टपरीवरचे सगळेच बोलायला लागले. नागी रेड्डी आणि चक्रपाणींच्या विजया प्रॉडक्शन्सचा पहिला चित्रपट 'षावुकारु', १९५०. म्हणजे आपला सावकारच! मग 'पाताळ भैरवी', 'मिस्सम्मा', 'मायाबजार', 'गुंडम्मा कथा'. 'मिस्सम्मा'ची पटकथा चक्रपाणींची, बीज एका बंगाली नाटकातलं. नोकरीसाठी नवराबायको असल्याचं खोटं सांगणारे दोघं, ती ख्रिस्ती, तो हिंदू. यात आधी भानुमती होत्या. सेटवर उशिरा येण्यावरून चक्रपाणींशी वाजलं, दोघांपैकी कुणी माघार घेईना, शेवटी भानुमती गेल्या आणि दुय्यम भूमिकेतली सावित्री नायिका झाली. टपरीवर यावरून अजून दोन तट आहेत. एका पांढऱ्या मिशीवाल्यांचं म्हणणं, निर्मात्याने एवढं ताणायला नको होतं. चहावाला सावित्रीच्या बाजूचा, त्यामुळे त्याला सगळं योग्यच झालेलं वाटत होतं. माझं मत विचारलं नाही कुणी, पण मी मिशीवाल्यांच्या बाजूची. पुढे याच गोष्टीवर हिंदीत 'मिस मेरी' निघाला, मीनाकुमारीचा. तो माझ्या आईने सांगलीत पाहिलेला आहे. बंगालीतून निघालेली गोष्ट तेनालीच्या माणसाच्या हातून फिरत हिंदीत, आणि तिथून आमच्या आईपर्यंत.

चक्रपाणी गेले सप्टेंबर १९७५ मध्ये. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. म्हणजे मी वाचलेला प्रत्येक चांदोबा त्यांच्यामागे निघालेला. मासिकही आता बंद पडून बरीच वर्षं झाली.

संध्याकाळी निघताना मास्टारु विचारायला लागले, 'मायाबजार' तुमच्याकडे माहीत आहे का? मी म्हटलं, सिनेमा नाही, पण गोष्ट घरोघरी माहीत आहे. बलरामाची मुलगी, अभिमन्यू, घटोत्कचाची माया. वत्सलाहरण.

"काय हरण?"

"वत्सला. बलरामाची मुलगी."

"शशिरेखा," ते म्हणाले.

"आमच्याकडे वत्सला म्हणतात."

मास्टारूंनी चष्मा काढून पुसला. मग टपरीवरच्या सगळ्यांना तेलुगूत काहीतरी सांगितलं. सगळे माझ्याकडे वळून पाहायला लागले. मिशीवाल्यांनी मान हलवली. चहावाल्याने माझ्यापुढे न मागता दुसरा चहा ठेवला आणि अगदी हळू, समजुतीच्या सुरात, अक्षर अक्षर सुटं करून म्हणाला, "श-शि-रे-खा."