उणे अठरा

आठ वर्षं मी सुक्या मालाच्या गाड्या चालवल्या. सिमेंट, टायर, कागदाचे रोल, मिळेल ते. त्यामुळे एका मोठ्या कंपनीच्या ताफ्यात रीफरवर, म्हणजे थंड माल नेणाऱ्या गाडीवर, जागा निघाली तेव्हा मला वाटलं, गाडी तीच, रस्ता तोच, फक्त मागे एक फ्रिज जास्त. मुलाखतीत मी तसं बोलूनही गेलो. समोरच्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, "मग हा फ्रिज करतो काय?"

"माल गार करतो."

त्यांनी कागदावर काहीतरी खूण केली. भरतीचं बाकी सगळं नेहमीसारखंच. लायसन, डोळे, रक्तदाब, जुन्या मालकाचं पत्र, ट्रेलर रिव्हर्समध्ये डॉकला, म्हणजे माल चढवायच्या फलाटाला, लावून दाखवणं. ते सगळं पार पडलं. त्या खुणेचा अर्थ मात्र प्रशिक्षणाच्या तिसऱ्या दिवशी कळला. शिकवणाऱ्याने फळ्यावर पहिलंच वाक्य लिहिलं होतं: रीफर माल गार करत नाही, गार असलेला माल गार ठेवतो.

हे डोक्यात उतरायला मला वेळ लागला. पुढच्या भिंतीवर बसवलेल्या युनिटची ताकद मोजलेली असते ती भिंतींतून, छतातून, दारातून आत झिरपणारी उष्णता बाहेर काढण्यापुरती. टनावारी कोमट मालातली उष्णता ओढून घेणं त्याच्या आवाक्यातलं काम नाही. कोमट माल भरला तर बाहेरची खोकी गार लागतात, पण पॅलेटच्या, म्हणजे फळीवर रचलेल्या खोक्यांच्या थप्पीच्या, पोटात ऊब दिवसचे दिवस तशीच बसून राहते. म्हणून डबा आधी रिकामाच थंड करायचा आणि मग भरायला लावायचा. दारं उघडी असताना युनिट बंद ठेवायचं, हे तर मला चक्क उलटं वाटलं होतं. पण चालू ठेवलं तर पंखे बाहेरची दमट हवा आत ओढतात, ती आतल्या कॉइलवर जाऊन बर्फ होते, आणि बर्फाने कोंडलेल्या कॉइलमधून हवा जातच नाही.

मग आकडे. गोठवलेला माल उणे १८ किंवा त्याखाली. आइस्क्रीमवाले त्याहून खाली मागतात. बहुतेक लशी २ ते ८ अंशांत, आणि त्यातल्या काही अशा की एकदा गोठल्या की वितळल्यावर दिसायला ठीक दिसतील, पण कामाच्या राहत नाहीत. केळी १३-१४ अंशांवर. केळं जास्त गार केलं तर साल राखाडी पडते आणि पुढे ते नीट पिकत नाही. म्हणजे जास्त थंड ठेवूनही माल बिघडवता येतो. मी तर समजत होतो की जितकं गार तितकं चांगलं.

हे यंत्र मुळात सुचलं कुणाला, तेही त्याच वर्गात कळलं. फ्रेडरिक मॅककिन्ली जोन्स, शाळा लवकर सुटलेला, हाताने शिकलेला अमेरिकन मेकॅनिक. त्याने १९३०च्या दशकाच्या शेवटी ट्रकवर धक्के सोसून टिकणारं युनिट बनवलं. त्याआधी बर्फ आणि मीठ टाकून माल न्यायचे, आणि वाटेत बर्फ संपला की माल संपला. १९९१ साली त्याला अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं, पण तेव्हा त्याला जाऊन तीस वर्षं झाली होती.

वर्ग संपल्यावर सहा आठवडे एका जुन्या ड्रायव्हरबरोबर काढायचे होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे, मीही म्हणू लागलो. बोलणं कमी, पण सकाळची तपासणी ते कधी चुकवत नसत. युनिटचं इंजिन वेगळं, त्याची डिझेलची टाकी वेगळी. गाडीची टाकी भरली आणि ती विसरली, असं नव्या माणसाचं हमखास होतं. युनिटचा पट्टा, ऑइल, कूलंट, आत छताला टांगलेला कापडी हवानळ फाटलाय का, जमिनीवरची पाणी जायची भोकं तुंबलीत का. पहिल्याच दिवशी त्यांनी मला रिकाम्या डब्यात उभं केलं आणि बाहेरून दारं लावून घेतली.

"काय दिसतंय?" बाहेरून आवाज आला.

"काही नाही. अंधार."

"डोळे बसू दे जरा."

मिनिटभराने उजव्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात केसाएवढी उजेडाची रेघ दिसली. रबर तिथे चेपलं होतं. "जिथून उजेड येतो तिथून गर्मी येते," ते दार उघडत म्हणाले, आणि गाडी वर्कशॉपला गेली. ही तपासणी एकट्याने कधी करू नये, बाहेर माणूस हवाच, हेही त्यांनी दोनदा बजावलं.

झोपेचं सांगायला हवं, कारण पुढच्या भानगडीत तिचा हात आहे. डोक्यामागे काही फुटांवर एक डिझेल इंजिन रात्रभर धडधडत असतं. पहिले पंधरा दिवस मला डोळा लागत नव्हता. उस्ताद घोरायचे, आणि मध्येच युनिटचा सूर बदलला की टक्क जागे. "डीफ्रॉस्टला गेलं," असं म्हणून परत झोपायचे. कॉइलवरचं बर्फ वितळवायला युनिट काही वेळ पंखे थांबवून कॉइल तापवतं, त्या वेळी आवाज वेगळा येतो. मला तेव्हा सगळे आवाज सारखेच वाटायचे.

एकटा सुटलो त्याच्या चौथ्याच फेरीला माती खाल्ली. आधीची फेरी गोठवलेल्या मालाची होती. तशा मालाला युनिट स्टार्ट-स्टॉपवर चालतं, म्हणजे हवा ठरलेल्या आकड्यावर आली की इंजिन थांबतं, चढली की सुरू होतं. त्यात डिझेल वाचतं. पुढची फेरी पालेभाजीची, २ अंश. मी आकडा बदलला, पत्रकावर टिक केली, निघालो. मोड बदलायचा राहिला. तोडलेली भाजी श्वास घेत असते, स्वतःची उष्णता सोडत असते. तिला हवा सतत खेळती लागते, म्हणून कंटिन्युअसच हवं. माझं युनिट मात्र रात्रभर तासातासाने गप्प होत होतं, आणि त्या रात्री मला रीफरवर आल्यापासूनची सगळ्यात गाढ झोप लागली.

सकाळी उतरवणाऱ्याने मालात थर्मामीटरची सुई खुपसली. पुढच्या पॅलेटला २, मधल्याला ४, दाराजवळच्याला ८. माझ्या स्क्रीनवर तेव्हाही २ होते. स्क्रीनवरचा आकडा हवेचा असतो, मालाचा नसतो, हे मला शिकवलं होतं आणि मी वहीत लिहूनही घेतलं होतं. मागचे सहा पॅलेट परत. ऑफिसात लॉगरचा, म्हणजे तापमान नोंदवणाऱ्या यंत्राचा, आलेख काढला तर रात्रभर करवतीचे दात. साहेबांनी विचारलं, "युनिट सारखं बंद पडत होतं, तुम्हाला ऐकू आलं नाही?" यावर खरं उत्तर काय द्यायचं? म्हटलं, झोपलो होतो.

त्या महिन्याचा बोनस गेला आणि दोन आठवडे पुन्हा उस्तादांच्या शेजारी बसलो. चूक माझीच होती, त्यात वाद नाही. पण तपासणीच्या पत्रकावर आकड्याचा रकाना होता, मोडचा नव्हता, हे मी तेव्हाही म्हणालो. माणूस टिक करतो ती छापलेल्या गोष्टीपुढेच. पत्रक तसंच राहिलं. मी माझ्या प्रतीवर पेनाने एक ओळ वाढवली, ती आजही प्रत्येक फेरीला वाढवतो. उस्तादांनी एका शब्दाने टोमणा मारला नाही. फक्त पहिल्या रात्री दिवा मालवताना म्हणाले, "आवाज थांबला की जाग यायला पाहिजे. येईल हळूहळू." महिनाभरात यायला लागली. आता सुट्टीत घरी शांततेत झोपलो की दोनदा तीनदा दचकून उठतो, त्याला इलाज नाही.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी गोठवलेले वाटाणे भरायला गेलो. डबा उणे २० ला आणून ठेवला होता. पहिली पॅलेट डॉकवर आली आणि मी सुई घेतली. आधी दोन खोक्यांच्या मधे: उणे १२. मग एक खोकं उघडायला लावून आतल्या पिशवीत: उणे ११. दुसऱ्या पॅलेटचंही तेच. माल शीतगृहातून काढून डॉकवर बराच वेळ ठेवलेला दिसत होता, प्लास्टिकवर दव धरलं होतं.

"गाडीत होतील गार. उणे २५ लाव आणि जा," डॉकवरचा सुपरवायझर म्हणाला.

कंट्रोल रूमला फोन केला. तिथला म्हणाला, वेळ चाललाय, सही कर आणि निघ. बिल्टीवर माझी सही पडली की माल उणे १८ ला मिळाला असं मी मान्य केलं, आणि पुढे जे होईल ते माझ्या गाडीत झालं असं धरणार. म्हटलं, "साहेब, एवढं मेसेजवर लिहून पाठवा, लगेच निघतो." तिकडे शांतता. मी थर्मामीटरचा फोटो पाठवला. मागे पिशवी, वर घड्याळ, सगळं येईल असा. दहा मिनिटांनी मेसेज आला, एकच शब्द: थांबा.

थांबलो. दुपारचे चार होते. सुपरवायझर माझ्याकडे बघेना, हमाल गाडीच्या सावलीत बसून राहिले. त्यांचा खोळंबा होत होता आणि तो माझ्यामुळे, त्याचं वाईट वाटत होतं. साडेआठला शीतगृहातून दुसरा लॉट निघाला. सुई लावली, उणे १९. भरताना भिंतीवरच्या लाल रेघेच्या, म्हणजे माल रचायच्या मर्यादेच्या, वर एकही खोकं जाऊ दिलं नाही, दाराशी हवेला फिरायला जागा सोडली, सील लावलं, नंबर दोनदा वाचून लिहिला. मोड स्वतःच्या तोंडाने मोठ्याने म्हणून तपासला.

पोचायला पाच तास उशीर झाला. उतरवणाऱ्याने जांभई देत सील तोडलं, सुई खुपसली, आकडा बघितला, सही केली आणि पॅलेट ओढायला वळला. माझ्याशी एक शब्द बोलला नाही.