चार तोळेही न भरलेली डिस्क

काकांचं मशीन आमच्या दुकानाला नवीन नव्हतं. एच६१ मदरबोर्ड, तिसऱ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, चार जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्डडिस्क. जळगावात दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या मशीनमध्ये हा संच आजही सारखा भेटतो. काका सराफ बाजारात एका पेढीवर आयुष्यभर दिवाणजी होते, आता घरी असतात. कॉम्प्युटरवर सोसायटीचे हिशेब, नातीचा अभ्यास आणि मुलीच्या लग्नाच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेले व्हिडिओ. तक्रार एकच. बटण दाबावं, चहा टाकावा, तो पिऊन कप विसळून यावं, तरी मशीन अजून गोल फिरवत बसलेलं. टास्क मॅनेजर उघडून पाहिला तर डिस्कपुढे १०० टक्के आणि प्रोसेसर मात्र निवांत.

एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांत माहिती ठेवणारी डिस्क, टाकायची हे ठरलं होतं. भांडण कोणती टाकायची यावर होतं. पुण्यातल्या पुतण्याने फोनवर सांगितलेलं, ‘‘काका, एनव्हीएमईच घ्या, सात हजार एमबीचा स्पीड आहे.’’ त्याचं चूक नव्हतं. एनव्हीएमई म्हणजे बोर्डाच्या वेगवान पीसीआयई मार्गावर चालणारी एसएसडी, आणि त्याच्या चौथ्या पिढीची डिस्क सेकंदाला सात हजार एमबीपर्यंत वाचते. पण ती लावायची कुठे? एच६१ वर एम.२ चा, म्हणजे ही पट्टीसारखी डिस्क थेट बोर्डात खोचायचा, स्लॉटच नाही. अॅडॉप्टर कार्ड घालून ती बसवता येते, विंडोजला दिसतेही, पण त्या काळच्या बायोसला, म्हणजे मशीन उठवणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामला, तिच्यावरून मशीन सुरू करता येत नाही. जुगाड करणारे करतात. घरच्या मशीनवर मी करत नाही, कारण बिघडलं की रात्री दहाला फोन मलाच येतो.

म्हणून साध्या साटाची, म्हणजे हार्डडिस्कच्याच केबलवर चालणारी, अडीच इंची. आकार ४८० जीबी, कारण २४० मध्ये विंडोज, अपडेट आणि नातीचे गेम गेले की वर्षभरात लाल पट्टी दिसते, आणि तुडुंब भरलेली एसएसडी मंदावते. आतली फ्लॅश टीएलसी, म्हणजे एका पेशीत तीन बिट. चार बिटवाली क्यूएलसी थोडी स्वस्त पडते. पण तिचा पुढचा वेगवान भाग भरला की मोठी फाइल लिहिताना ती कधीकधी हार्डडिस्कच्याही मागे पडते. काकांनी विचारलं, ही झिजते म्हणे? झिजते. कंपनीने १२० टीबी, म्हणजे एक लाख वीस हजार जीबी, लिहिण्याची हमी दिली होती. घरात रोज २० जीबी लिहिलं जातं असं धरलं, आणि ते खूपच जास्त धरलं, तरी सोळा वर्षं. काकांनी हे गणित कागदावर स्वतः करून पाहिलं आणि मान डोलावली. रॅम चारची आठ केली, बायोसमध्ये आयडीईचं एएचसीआय केलं, म्हणजे डिस्कशी बोलायची जुनी पद्धत बदलून नवी लावली, विंडोज नव्याने टाकलं. विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर नेहमीचे अपडेट नाहीत आणि या मशीनवर ११ अधिकृतपणे बसत नाही, हेही सांगून ठेवलं. उद्या बोर्ड बदलला तरी साटाची डिस्क उचलून नव्या बोर्डावर लावता येते, पैसे वाया जात नाहीत. जुनी हार्डडिस्क यूएसबीच्या केसिंगमध्ये घालून हातात दिली. व्हिडिओ तिच्यावरच राहू देत, आणि आणखी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा, असं बजावलं.

मग आला मे. जळगावच्या मेमध्ये दुपारी एक ते चार दुकानात कुत्रं फिरकत नाही. त्या वेळी काका आले, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, आणि खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून काउंटरवर सोडली. आत आमचीच एसएसडी. झाकण वेगळं, बोर्ड वेगळा, वॉरंटीचं स्टिकर मधोमध फाटलेलं.

काका एरवी माझ्याशी शुद्ध मराठीत बोलतात. रागावले की पारोळ्याकडची अहिराणी वर येते. ‘‘यामा काहीच नई शे, ताई!’’

आणि दिसायला खरंच काही नव्हतं. प्लॅस्टिकच्या रिकाम्या डबीत एका टोकाला तीन बोटं रुंदीचा हिरवा बोर्ड, त्यावर कंट्रोलरची एक चिप, शेजारी फ्लॅशच्या दोन. उरलेली दोन तृतीयांश जागा ओस. काकांनी ती जुन्या पेढीवर नेऊन काट्यावर टाकली होती. भरली ३८ ग्रॅम. ‘‘चार तोळेसुद्धा नाही. जुनी हार्डडिस्क चाळीस तोळ्यांच्या वर आहे. पैसे घेताना मात्र तुम्ही जास्त घेतले.’’

गुन्हे तीन होते आणि दिवाणजींनी ते ओळीने मांडले. एक, डबी पोकळ. दोन, खोक्यावर ४८० जीबी छापलंय, मशीन ४४७ दाखवतं, म्हणजे ३३ ची घट. सोन्यात एवढी घट धरली तर गिऱ्हाईक पेढी डोक्यावर घेईल, हे त्यांचं म्हणणं. तीन, खोक्यावर ५५० एमबी वेग, पुण्याच्या पुतण्याने लांबून मशीनमध्ये शिरून मोजला तर २६८. म्हणजे निम्मासुद्धा नाही.

मी कूलरसमोरची खुर्ची दिली, पाणी दिलं. गिऱ्हाईक मोजून आलेलं असलं की मला बरं वाटतं. नुसतं ‘काहीतरी गडबड आहे’ म्हणणाऱ्याशी बोलताना जीव जातो.

घटीचं आधी मिटवलं. डिस्कवाले एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणजे त्याचा एक जीबी १०७ कोटी ३७ लाखांच्या वर. कॅल्क्युलेटर त्यांच्याकडे सरकवला. ४८० अब्जाला भाग द्या म्हटलं. ४४७ आले. जुन्या ५०० च्या हार्डडिस्कवरही कायम ४६५ दिसायचे, ते त्यांनी इतकी वर्षं कधी विचारलं नव्हतं, हे मी मुद्दाम बोलले.

वेगाचं म्हणजे, २६८ हा आकडा मला आवडलाच. एच६१ चे साटा पोर्ट सेकंदाला तीन गिगाबिटवाले, सहावाले नाहीत. वर साटात आठ बिट पाठवायचे तर तारेवर दहा जातात, म्हणजे तीन गिगाबिटचे तोंडी हिशेबाने ३०० एमबी आणि इकडचं तिकडचं वजा जाता २७०-२८०. त्या बोर्डावर यापेक्षा जास्त कुठलीच साटा डिस्क देणार नाही, दहा हजारांची आणली तरी. आणि मशीन चटकन उघडतं ते या आकड्यामुळे नाहीच. विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फाइली इथून तिथून वेचतं. हार्डडिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, एका फेऱ्याला आठ मिलिसेकंद, वर हेडला जागेवर सरकायला वेळ. सगळं धरून सेकंदाला शंभरेक ठिकाणं गाठली तरी पुष्कळ. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, ती हजारोंनी गाठते. ‘‘चहाचं काय झालं?’’ मी विचारलं. काका म्हणाले, ‘‘आता आधण ठेवायच्या आत सुरू होतं. ते खरंय.’’

राहिली पोकळ डबी. अडीच इंचाचं माप लॅपटॉपच्या हार्डडिस्कचं, तिच्या जागेत आणि स्क्रूच्या भोकांत बसावी म्हणून एसएसडी त्याच कपड्यात येते. माल मात्र त्या तीन चिपांत. एम.२ ची डिस्क २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब असते, च्युइंगमच्या पट्टीएवढी, आणि तिच्यात दोन-दोन टीबी मावतात. मग ही डबी भरायची कशाने?

काकांना हे पटलं नाही. पेढीवर चाळीस वर्षं बसलेल्या माणसाला ‘वजन बघू नका’ म्हणणं म्हणजे फारच. त्यांनी दुसऱ्या खिशातून दुसरी वस्तू काढली. ‘‘मग ही बघा. पुतण्याने ऑनलाइन मागवली. दोन टीबी, बाराशे रुपये. साडेनऊ तोळे भरली. याला म्हणतात माल.’’

देखणी होती. राखाडी धातूची, कडा घासून चकचकीत, हातात घेतली तर भरीव. बाराशे ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला होता. खरी दोन टीबीची एसएसडी त्या भावात नुसत्या चिपा म्हणूनही मिळत नाही. लावली. विंडोजने १.८१ टीबी दाखवले, म्हणजे बनवणाऱ्याने आकडेमोडीचीसुद्धा काळजी घेतली होती. आत फोल्डर होतं, ‘लग्न’. नावं सगळी जागेवर. पहिला व्हिडिओ चालला, दुसरा चालला. पाचव्यापासून नुसता काळा पडदा.

‘‘काका, हे व्हिडिओ हार्डडिस्कवर आहेत ना अजून?’’

‘‘नाही. पुतण्याने इकडे घेतले आणि ती फॉरमॅट मारून दिली. शेजारच्या पोराला द्यायचीय. डिकीत आहे.’’

डिकी स्कूटीची, स्कूटी उन्हात, पारा ४४. मी काउंटर ओलांडूनच बाहेर गेले. डिस्क हाताला चटका देत होती. हार्डडिस्क चालू असताना तिला साधारण साठ अंशांपर्यंत चालतं, डिकी त्याच्याही वर जात असावी. लगेच जोडायची नाही. कूलरसमोरही नाही, कारण आपल्या गवताच्या कूलरची हवा दमट असते. आतल्या खोलीत फरशीवर कागद पसरून ठेवली आणि गार होईपर्यंत दोन टीबीचं पोट उघडलं.

स्क्रू नव्हते, टोकाची पट्टी चिकटवलेली होती. सुरीने उचकटली. आत अंगठ्याएवढा काळा बोर्ड, त्यावर मोबाइलचं मेमरी कार्ड गोंदाने डकवलेलं, ६४ जीबीचं. आणि उरलेल्या जागेत दुहेरी टेपने बसवलेला लोखंडाचा तुकडा, कापलेल्या कडा तशाच खरखरीत. साडेनऊतले बहुतेक तोळे तेवढ्या तुकड्याचे. बोर्डावरची चिप विंडोजला दोन टीबी असल्याचं खोटं सांगते. फाइलींच्या नावांची यादी सुरुवातीलाच लिहिली जाते म्हणून ती शाबूत दिसते, ६४ च्या पुढचा मजकूर मात्र हवेत जातो. पुतण्याने नावं बघितली, मोजली, आणि निश्चिंत होऊन जुनी डिस्क पुसली.

काकांनी लोखंडाचा तुकडा उचलला, नखाने खरवडला. बोलले काही नाहीत. लाखेचे दागिने पाहिलेला माणूस, त्यांना मी काय सांगणार होते.

हार्डडिस्क गार झाल्यावर जोडली. सुदैव असं की फॉरमॅट ‘क्विक’ होतं. त्यात यादी पुसली जाते, तबकडीवरचं मूळ तसंच राहतं, वर नवीन काही लिहिलं नाही तोवर. हेच एसएसडीवर झालं असतं तर विंडोजने ट्रिमची आज्ञा पाठवून डिस्कला ‘ही जागा मोकळी’ कळवलं असतं, आणि मग कुठल्याही सॉफ्टवेअरच्या हाती सहसा काही लागत नाही. बॅकअपसाठी मी अजूनही हार्डडिस्क सांगते त्याचं एक कारण हे. दुसरं, एसएसडी मरते ती बहुधा न सांगता मरते. हार्डडिस्क आधी कुरकुरते, टिकटिकते, स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या, यादीत खराब सेक्टर दाखवते. तिसरं आपल्या हवेचं. वीज न देता एसएसडी गरम जागी महिनोन्‌महिने पडून राहिली तर पेशींतला चार्ज गळतो. खूप वापरलेली असली तर जास्तच. पत्र्याच्या घरातलं कपाट म्हणजे तिला भट्टी.

स्मार्ट पाहिलं, खराब सेक्टर नव्हते. थेट तिच्यावर काम केलं नाही, आधी पूर्ण डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढली. त्यात संध्याकाळ गेली. मग नक्कलेवर टेस्टडिस्क हा पुसलेलं शोधणारा प्रोग्राम चालवला आणि ‘लग्न’ नावासकट वर आलं. दोन व्हिडिओंची नावं गेली होती, चालत होते मात्र दोन्ही. हळदीचा की वरातीचा हे काकांनीच बघून सांगितलं. त्या वेळी दुकानात मी, काका आणि त्यांना शोधत आलेली काकू, तिघंही उभ्यानेच बघत होतो. काकूंचा सगळा राग मंडपातल्या कुणा आचाऱ्यावर निघाला. बटाट्याची भाजी खारट झाली होती म्हणे.

आमच्या एसएसडीचं झाकण परत बसवलं. चालू आहे, पण स्टिकर फाटल्यामुळे वॉरंटी गेली, तेही सांगितलं. काकांनी ते मुकाट्याने घेतलं. मग विचारलं, दागिन्यावर हॉलमार्कच्या एचयूआयडीचे सहा आकडे-अक्षरं असतात, ते अॅपवर टाकलं की खरं-खोटं कळतं, तसं यात काही आहे का? आहे. सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकायचा, आणि नवी डिस्क घेतली की त्याच दिवशी एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या फुकट प्रोग्रामने ती काठोकाठ भरून परत वाचून बघायची. वेळ लागतो, रात्री लावून झोपावं. खोटी डिस्क या परीक्षेत सुटत नाही. एक टीबीची नेहमीची बाहेरची हार्डडिस्क त्यांनी घेतली, आणि बिलावर मॉडेल, सीरियल नंबर, वॉरंटीची तारीख माझ्याकडून हाताने लिहून घेतली, छापील असूनसुद्धा.

लोखंडाचा तुकडा ते बरोबर घेऊन गेले, पुतण्याला पुण्याला कुरियर करायला. त्याचा फोन त्याच आठवड्यात आला. माफी वगैरे झाल्यावर म्हणाला, मला गेमिंगसाठी एनव्हीएमई घ्यायचीय, पाचव्या पिढीची घेऊ का? म्हटलं, तुझ्या बोर्डाचं मॉडेल काय? एम.२ चे स्लॉट किती, आणि त्यातला प्रोसेसरला थेट जोडलेला कुठला? तो म्हणाला, आरजीबी लाइटवाला बोर्ड आहे, काळ्या रंगाचा. म्हटलं, बाजूचं पॅनेल काढ, फोटो पाठव, मग सांगते. अजून फोटो आलेला नाही.