चावी नको, ओसी दाखवा

३१ डिसेंबर २०२० च्या आत दस्त नोंदवायचा म्हणून आमची कोण धावपळ झाली होती. मुद्रांक शुल्कात तीन टक्के सवलत होती, नोंदणी कार्यालयाबाहेर मास्क लावलेल्या माणसांची रांग जिन्यावरून खाली उतरलेली. बासष्ट लाखांच्या घरावर पावणेदोन लाखांहून जास्त वाचले, या आनंदात ताब्याच्या तारखेचं कलम आम्ही नुसतं नजरेखालून घातलं. जून २०२३. घोडबंदर रोड, कासारवडवली, चौदावा मजला.

जून २०२३ मध्ये चौदाव्या मजल्यावर खिडक्यांना चौकटी नव्हत्या. हॉलमध्ये पावसाचं पाणी साठलेलं आणि त्यात सिमेंटची रिकामी गोणी तरंगत होती. सासूबाई म्हणाल्या, "अगं, इथे देव्हारा कुठे ठेवायचा?" मी त्यांना कोपरा दाखवला, तिथे मजुरांची चूल होती.

मग तारखा सुरू झाल्या. गणपती, दिवाळी, गुढीपाडवा. बिल्डरच्या ऑफिसातली मुलगी गोड बोलायची, "मॅडम, नक्की." तिचाही दोष नव्हता म्हणा. इकडे कळव्याच्या भाड्याच्या घराचा अकरा महिन्यांचा करार पुन्हा करायचा, घरभाडं आणि कर्जाचं व्याज दोन्ही भरायचं. वर व्याजाची करसवलत ताबा मिळेपर्यंत नाही. कर्ज घेतलं त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांत घर पूर्ण झालं नाही, तर जुन्या करप्रणालीतली दोन लाखांची मर्यादा तीस हजारांवर येते, हे त्याच काळात कळलं आणि झोप उडाली.

नवरा म्हणाला, पुढचे हप्तेच थांबवू. वकीलबाईंनी अडवलं. काम ज्या टप्प्यापर्यंत झालंय तेवढी मागणी रीतसर आहे, ती थकवली तर व्याज आपल्याच अंगावर येतं. मग त्यांनी करारनामा उघडून तारखेवर पेन्सिलीने गोल केला. बिल्डरने महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाची मुदत वाढवून घेतली होती आणि आम्ही ती बघून हातपाय गाळून बसलो होतो. "ती वाढ त्याच्या नोंदणीची," बाई म्हणाल्या, "तुम्हाला दिलेला शब्द हा." रेरा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे दोन वाटा होत्या. घर सोडून पैसे व्याजासह परत मागायचे, किंवा घर ठेवून उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज मागायचं. दर म्हणजे स्टेट बँकेचा सर्वांत वरचा एमसीएलआर, म्हणजे बँकेने कर्जासाठी ठरवलेला मूळ व्याजदर, अधिक दोन टक्के. आम्ही बावन्न लाख भरले होते, महिन्याला सत्तेचाळीस हजारांच्या आसपास आकडा निघाला. सोडायचा विचार एक रात्र केला. पण तेवढ्या पैशांत घोडबंदरला आता काय मिळणार होतं?

२०२४ च्या सुरुवातीला पाच हजार रुपये भरून ऑनलाइन तक्रार टाकली. पावत्या, मागणीपत्रं, बँकेचा उतारा, सगळं स्कॅन. नवऱ्याच्या जुन्या ईमेलमध्ये "डिसेंबरपर्यंत ताबा देतो" असं बिल्डरच्या माणसाचं एक वाक्य सापडलं, ते सोन्यासारखं जपलं. फोनवरच्या "नक्की"चा काही उपयोग नसतो, लेखी मागत जायला हवं होतं.

तक्रार टाकल्यावर काही महिन्यांतच पत्र आलं: 'फिटआउट पझेशन' घ्या. चावी देतो, फर्निचर सुरू करा. सोबत उरलेली सगळी रक्कम, दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स आणि एक हमीपत्र. हमीपत्राच्या चौथ्या परिच्छेदात, अगदी साळसूदपणे, ताब्याच्या उशिराबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही व राहणार नाही. इमारत राहायला योग्य असल्याचं भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, आलेलीच नव्हती. आमच्या विंगमधल्या काहींनी सही केली. त्यांना नावं ठेवणार नाही, घरात लग्न असेल, घरमालकाने नोटीस दिली असेल, तर माणूस काय करणार? आम्ही एका ओळीचं उत्तर पाठवलं: ओसीची प्रत द्या, पैसे घेऊन येतो. त्या दिवशी सासूबाईंनी मला वेड्यात काढलं. चावी समोर आणि ही नको म्हणते!

पुढे महारेराच्या सलोखा मंचापुढे बसलो. तिथे ग्राहकांचा एक प्रतिनिधी, विकासकांचा एक, आणि मध्ये आमची जाडजूड फाइल. दोन बैठकांत गाडी सव्वापाच लाखांवर येऊन थांबली, तेही रोख नाही, शेवटच्या हप्त्यातून वजा. हिशेबाने त्याच्या दुपटीच्या जवळ निघत होते. नवऱ्याला लढायचं होतं. मी नको म्हटलं. आदेश मिळाला तरी बिल्डर अपिलात जाऊ शकतो, पैसे दिले नाहीत तर वसुलीचा वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि तोवर भाडं आम्हीच भरणार. अजूनही जेवताना हा विषय निघाला की दोघांपैकी एक जण उठून पाणी आणायला जातो.

ओसी फेब्रुवारी २०२५ मध्ये आली, वीस महिन्यांनी. प्रत हातात आल्यावर आधी आमची विंग आणि मजले त्यात आहेत का ते बोट ठेवून वाचलं, कारण ओसी कधी कधी अर्ध्याच मजल्यांची असते. मग धनादेश दिला, चावी घेतली.

देव्हारा त्याच कोपऱ्यात आहे. फरशी बसली, रंग झाला, तरी सासूबाई दिवा लावताना अजून म्हणतात, "इथे चूल होती बरं का." आणि सोसायटीच्या पहिल्या महिन्याच्या बिलात पाण्याच्या टँकरचा आकडा बघून नवरा एवढंच म्हणाला, "हे करारनाम्यात नव्हतं."