आमची वाटचाल : ‘थोडक्यात वाचलं’ची नोंद

उद्यमबागेतल्या एका शेडच्या माळ्यावर आमचं ऑफिस आहे. फाउंड्री (जिथे वितळलेला धातू साच्यात ओततात) आणि मशीन शॉपमधले अपघात नोंदवायचं, त्यांचा पाठपुरावा करायचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. ग्राहक बेळगावातलेच, उद्यमबाग, मच्छे, होनगा इथले, बहुतेक चाळीस-पन्नास कामगारांचे.

पहिल्या फॉर्ममध्ये तेवीस रकाने होते. सरकारी नमुना समोर ठेवून केलेले, त्यामुळे दिसायला भारदस्त. पण भरले जायचे ते महिनाअखेरीला, सुपरवायझरच्या हातून, एका बैठकीत. हे कळलं ते वेळेच्या दोन रकान्यांमुळे. घटना कधी घडली हे माणूस सांगतो, नोंद कधी झाली हे सिस्टीम स्वतः टिपते. या दोन वेळांमधलं अंतर हा आजही आमचा सगळ्यात कामाचा आकडा आहे. अंतर चार तासांच्या वर जायला लागलं की बाकीची माहिती कितीही नीटनेटकी असली तरी ती आठवून लिहिलेली असते.

आता प्रश्न तीनच आहेत: काय झालं, कुणाला लागलं का, धोका अजून तसाच आहे का. ‘कुठे’ विचारावं लागत नाही, कारण प्रत्येक मशीनला आणि शेडच्या प्रत्येक भागाला (‘बे’ला) वेगळा क्यूआर कोड असतो. फाउंड्रीत कागदी स्टिकर वाळूच्या धुळीने पंधरा दिवसांत वाचता येईनासा होतो, म्हणून कोरलेली पत्र्याची पट्टी रिव्हेट करतो. भट्टीच्या प्लॅटफॉर्मवर मोबाईल नेऊ द्यायचा नसतो, त्यामुळे तिथली पट्टी जिन्याच्या पायथ्याशी. पत्र्याच्या शेडमध्ये रेंज मिळेलच असं नाही. नोंद फोनमध्ये साठते आणि गेटजवळ आल्यावर आपोआप वर जाते.

भाषेचं म्हणाल तर ‘नियर मिस’ (अपघात होता होता टळला) लिहिलेलं बटण कुणी दाबत नव्हतं. ते बदलून ‘थोडक्यात वाचलं’ केलं, कन्नडमध्ये ‘स्वल्पदरल्ली तप्पितु’, आणि बाहेरून आलेल्या मोल्डरांसाठी (साचे बनवणाऱ्यांसाठी) हिंदीत ‘बाल-बाल बचे’. शेजारी माईक. तीस सेकंदांत बोला, मराठी-कन्नड मिसळून बोललात तरी चालेल. टाइप करायचं काम सुपरवायझरचं. मूळ आवाज मात्र पुसता येत नाही. टाइप करताना ‘साखळी सटकली’चं ‘कामगाराच्या हातून जॉब (काम चालू असलेला भाग) पडला’ होऊन जातं, म्हणून ही अट.

या ‘थोडक्यात वाचलं’चं मोल आपल्याकडे पावसाळ्यात कळतं. जून लागला की उघड्यावरचं स्क्रॅप भिजतं. पाइपचे तुकडे, चेपलेले डबे, त्यांच्या पोटात पाणी राहतं. ते इंडक्शन (विजेवर धातू वितळवणाऱ्या) भट्टीतल्या वितळलेल्या धातूखाली गेलं की क्षणात वाफ होते. एक लिटर पाण्याची साधारण 1,700 लिटर. वरचा धातू मग बाहेर फेकला जातो. मोठा शिंतोडा उडण्याआधी बऱ्याचदा लहान शिंतोडे उडतात, आणि फर्नेसमनला त्यात नवल वाटत नाही, म्हणून तो सांगत नाही. एकाच भट्टीवर आठवड्यात ‘उडालं’ अशा तीन नोंदी आल्या की सिस्टीम थेट मालकाला कळवते. उपाय साधे आहेत: स्क्रॅपवर छप्पर, दोन्ही तोंडं बंद असलेला पाइप कापल्याशिवाय भट्टीत टाकायचा नाही, लॅडल (धातू ओतायचं भांडं) पूर्ण तापवून कोरडी झाल्याखेरीज धातू घ्यायचा नाही.

नोंदीपेक्षा अवघड काम म्हणजे ती बंद करणं. ‘कारण’ या यादीतून ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हा पर्याय आम्ही काढून टाकला, त्यावरून ग्राहकांशी वादही झाले. फेटलिंगचं (ओतलेला भाग घासून साफ करण्याचं) घ्या. ग्राइंडरवर डोळ्यात कण गेला. गॉगल नव्हता. का? वाळूने ओरखडे पडून त्यातून दिसत नव्हतं. नवा का घेतला नाही? दुसऱ्या शिफ्टला स्टोअरला कुलूप असतं. उपाय झाला ग्राइंडरशेजारी गॉगलची पेटी, ‘समज दिली’ हा नव्हे. काम झाल्याचा फोटो लागतो, आणि ज्याच्याकडे काम दिलं त्याला स्वतःच नोंद बंद करता येत नाही. फोटो जागेचा, जखमेचा नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर भाजलेल्या हातांचे फोटो फिरवायची सवय मोडायला वेळ लागला.

कायद्याच्या बाजूने एकच गोष्ट वारंवार फसते. कारखाने कायदा 1948 च्या कलम 88 प्रमाणे दुखापतीमुळे कामगार 48 तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही तर अपघाताची सूचना द्यावी लागायची. नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी लागू झालेल्या 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही हीच मुदत आहे. घडतं असं की सोमवारी बोटाला पट्टी बांधून ‘प्रथमोपचार’ म्हणून नोंद बंद होते, मंगळवारी बोट सुजतं, आणि माणूस गुरुवारपर्यंत फिरकत नाही. वही काही त्याला शोधत जात नाही. म्हणून नोंद मस्टरला जोडली आहे: जखमी माणूस दुसऱ्या दिवशी गैरहजर दिसला की बंद नोंद पुन्हा उघडते आणि घड्याळ सुरू होतं. कंत्राटी कामगारांचं मस्टर कंत्राटदाराकडे असतं, तिथे ही साखळी तुटते. ते मस्टर रोज मिळाल्याशिवाय आम्ही बसवणीचं काम पूर्ण झालं असं म्हणत नाही.

फ्रिक्वेन्सी रेट (कामाच्या ठराविक तासांमागे किती अपघात) मागणारे ग्राहक आहेत, विशेषतः मोठ्या कंपन्यांना कास्टिंग (ओतीव भाग) देणारे. आयएस 3786 या भारतीय मानकाच्या पद्धतीने तो दहा लाख मनुष्य-तासांवर काढतात. चाळीस माणसं, रोज आठ तास, महिन्याला 26 दिवस धरले तर वर्षाला 99,840 तास. म्हणजे एक अपघात झाला की रेट 10, नाही झाला की 0. एवढ्या लहान शॉपमध्ये त्यावरून काही ठरवणं म्हणजे नाणं उडवणं. रिपोर्टमध्ये देतो, कारण मागतात. पण गेटवरच्या स्क्रीनवर दोनच आकडे असतात: किती नोंदी उघड्या आहेत आणि सगळ्यात जुनी किती दिवसांची आहे. ‘इतके दिवस अपघाताविना’चा फलक लावून देत नाही. तो लागला की आकडा मोडायला कुणी धजत नाही आणि माईकवर कुणी बोलत नाही.