द हेगमधला १८८१ चा समुद्र

द हेगला जाणारे आपले लोक बहुतेक वेळा मॉरिट्सहाउस म्युझियममध्ये फर्मेरच्या चित्रातली ती मोत्याचा डूल घातलेली मुलगी बघतात, फोटो काढतात आणि संध्याकाळच्या ट्रेनने ॲमस्टरडॅमला परत. आम्हीही बघितली, लोकांच्या डोक्यांमधून वाट काढत, सुंदर आहे, वादच नाही. पण मला या शहरात खरं बघायचं होतं ते एक वेगळंच चित्र, जे भिंतीवर टांगताच येत नाही, त्याच्यासाठी अख्खी गोल बिल्डिंग बांधावी लागली. हेन्ड्रिक विलेम मेस्डाग या डच चित्रकाराचा पॅनोरामा, म्हणजे बघणाऱ्याला चहूबाजूंनी वेढणारं गोल चित्र. ॲमस्टेलव्हेनला राहणारा माझा मावसभाऊ आणि वहिनी सोबत होते, वहिनीला आधीच सांगून ठेवलं होतं की आज शॉपिंग नाही.

झेस्ट्राट नावाच्या रस्त्यावर आहे हे, बाहेरून काही कळत नाही. आत गेल्यावर आधी मेस्डागची नेहमीची चित्रं लागतात, करडं पाणी, करडं आभाळ, मासेमारीच्या होड्या, मग एक अंधारा बोळ, मग गोल जिना, आणि जिना संपला की आपण एकदम वाळूच्या टेकडीवर, लाकडी मांडवात उभे. चहूबाजूंनी द हेगला लागून असलेल्या स्खेव्हेनिंगनचा किनारा. १४ मीटर उंच आणि १२० मीटर घेर असलेलं एकच सलग चित्र! आकडे आधी वाचले होते तरी काही सेकंद डोकं चालेना, कारण कॅनव्हास कुठे सुरू होतो तेच दिसत नाही.

मग मी सवयीप्रमाणे जोड शोधायला लागलो. मांडवाच्या कठड्यापासून पुढे खरी वाळू पसरलेली आहे, त्यात झुडपं, जाळं, एक लाकडी बूट असं काय काय टाकलंय, आणि ही वाळू पुढे जाऊन कधी रंगवलेली वाळू होते ते नजरेला सापडत नाही. चित्राची वरची कड मांडवाच्या छपराने झाकलेली, त्यामुळे आभाळ संपतच नाही. आणि सगळ्यात भारी म्हणजे उजेड दिव्यांचा नाही, वरच्या काचेतून येणारा खराखुरा आहे, बाहेर ढग आला की आतला समुद्र पण काळवंडतो आणि ऊन पडलं की वाळू पिवळी होते. आम्ही असताना हे होत राहिलं आणि दरवेळी लोकांचा "ओऽऽ" निघत होता.

हे काढलं कसं, तर मेस्डागने टेकडीवर काचेचं मोठं नळकांडं उभं केलं, स्वतः आत बसला आणि जे दिसतं ते काचेवर रेघांनी उतरवून घेतलं, मग त्या रेघा मोठ्या करून कॅनव्हासवर. रंगवायचं काम साधारण ४ महिन्यांत उरकलं आणि १ ऑगस्ट १८८१ ला लोकांसाठी खुलं झालं. अर्थात एकट्याचं काम नव्हे. तेओफिल द बॉक होता, ब्लॉमर्स होता, आणि २३ वर्षांचा ब्राइटनर होता जो पुढे ॲमस्टरडॅमच्या रस्त्यांची चित्रं काढून मोठा झाला. किनाऱ्यावरून घोडेस्वार सैनिकांची रांग जाताना दिसते ती त्याची. आणि मेस्डागची बायको सीना. ती नुसती रंगवणाऱ्यांत नाहीये, चित्रात पण आहे, खाली वाळूत पांढऱ्या छत्रीखाली ईझल लावून बसलेली. वहिनीने ती माझ्या आधी शोधली.

आता या माणसाबद्दल थोडं. मेस्डाग जन्मला १८३१ मध्ये ग्रोनिंगनला, वडिलांची बँक, हा पण बँकेतच चिकटला, चित्रं आपली हौस म्हणून. सीनाच्या वडिलांचा लाकडाचा मोठा धंदा होता, ते गेल्यावर तिच्याकडे वारसाहक्काने पैसा आला आणि १८६६ मध्ये, पस्तिशीत, पदरात लहान मुलगा असताना या गृहस्थाने बँक सोडली आणि ब्रसेल्सला चित्रकला शिकायला गेला. तिथे विलेम रूलॉफ्सकडे शिकवणी, आणि ही ओळख करून देणारा नातेवाईक कोण, तर आल्मा-टाडेमा, जो पुढे इंग्लंडात रोमन संगमरवराची चित्रं काढून गडगंज झाला. दोघे एकाच घराण्यातले पण चित्रं बघा, एकाला दोन हजार वर्षांपूर्वीचं रोम, दुसऱ्याला समोरची ओली वाळू.

१८६८ च्या उन्हाळ्यात नॉर्डरनाय या जर्मन बेटावर गेला आणि समुद्राने त्याला जो धरला तो कायमचा. दुसऱ्याच वर्षी बिऱ्हाड द हेगला, कारण तिथून समुद्र जवळ. स्खेव्हेनिंगनला समुद्रासमोरच्या हॉटेलात खोली भाड्याने घेऊन तासन् तास लाटा बघत बसायचा. १८७० मध्ये फुटणाऱ्या लाटांच्या चित्राला पॅरिसच्या सलोन या चित्रप्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं, म्हणजे बँक सोडल्यापासून ४ वर्षांत! आणि १८७१ मध्ये मुलगा क्लास गेला, घटसर्पाने, ८ वर्षांचा, एकुलता एक. त्यानंतर सीनाने ब्रश हातात घेतला आणि पुढे ती स्वतः नावाजलेली चित्रकार झाली. माझं मत विचाराल तर या जोडीत तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं, पैसाही तिचा आणि घामही तिचा.

पॅनोरामाचं काम मेस्डागला एका बेल्जियन कंपनीने दिलं होतं. तेव्हा युरोपभर पॅनोरामांची क्रेझ होती, बहुतेक ठिकाणी लढाया दाखवायचे, तोफा, धूर, मेलेले घोडे. याने काय निवडलं, तर मासेमारांचं गाव आणि रोजचा समुद्र. ज्या टेकडीवरून त्याने हे बघितलं ती सपाट करून तिथे बांधकाम करायचं घाटत होतं, म्हणजे जाणाऱ्या जागेची नोंदच करून ठेवली म्हणायची. फॅन गॉख (आपण व्हॅन गॉग म्हणतो तो) चित्र खुलं झालं त्याच महिन्यात द बॉकसोबत हे बघायला आला आणि भावाला पत्रात तारीफ लिहिली. पण क्रेझ ओसरली, कंपनी १८८६ मध्ये बुडाली, आणि मेस्डागने आपलंच चित्र विकत घेतलं आणि दरवर्षी तोटा सोसत चालू ठेवलं. पस्तिशीपर्यंत बँकेत काढलेल्या माणसाला हा व्यवहार किती वाईट आहे ते काय कळत नसेल!

दुपारी ट्रामने खऱ्या स्खेव्हेनिंगनला गेलो. चित्रात होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या आहेत, सपाट तळाच्या, कारण तेव्हा इथे बंदरच नव्हतं, घोडे लावून ओढायचे, आपल्याकडे हर्णैला जशा बैलगाड्या पाण्यात घालून मासळी आणतात तशातलाच प्रकार. १८९४ च्या डिसेंबरमध्ये वादळाने त्या होड्यांचा चुराडा केला, मग बंदर खणलं गेलं आणि १९०४ पर्यंत ते झालं, वाळूवरच्या होड्यांचं काम संपलं. आता तिथे कुरहाउस हॉटेल (हे पण चित्रानंतरचं, १८८५ चं), पिअर, त्यावर मोठा पाळणा, तळलेल्या माशांचे स्टॉल आणि सीगल जे हातातलं खाणं पळवतात. दादाचे चिप्स गेले. चित्रातलं आम्हाला ओळखता आलं ते म्हणजे लाल लोखंडी दीपगृह आणि जुनं चर्च, आणि समुद्राचा रंग, तो अगदी तसाच, कॉफीत दूध कमी पडल्यासारखा.

फॅन गॉखने १८८२ मध्ये याच किनाऱ्यावर वाऱ्यात उभं राहून चित्र काढलं, त्याच्या रंगात खरे वाळूचे कण अडकलेत. ते चित्र २००२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या म्युझियममधून चोरीला गेलं आणि २०१६ मध्ये इटलीत नेपल्सजवळ सापडलं, त्याच्यावर वेगळी पोस्ट लिहीन कधीतरी.

जाणार असाल तर दोन गोष्टी. कडक उन्हाचा दिवस निवडू नका, ढग पळत असतील असा दिवस निवडा, हॉलंडमध्ये ते अवघड नाही. आणि मेस्डागच्या घरालगतचं त्याचं स्वतःचं कलेक्शन वेगळ्या ठिकाणी आहे, लान फान मेर्डरफोर्टवर, तिथे मिले, कोरो, कूर्बे या फ्रेंच चित्रकारांची चित्रं आहेत, त्याने १९०३ मध्ये देशाला देऊन टाकलेलं. ते रोज उघडं नसतं, वार बघून जा. आधी पॅनोरामा आणि मग समुद्र असाच क्रम ठेवा, उलटा केलात तर मजा निम्मी.