हौसेचा हस्की
पुण्यातल्या एका प्राणी-निवाऱ्यात गेलो की मला सर्वांत अस्वस्थ करतात ते गळ्यात अजून पट्टा असलेले हस्की जातीचे कुत्रे. फाटक वाजले की ते धावत येतात, हात हुंगतात आणि पुन्हा जागेवर जाऊन बसतात. सायबेरियाच्या थंडीसाठी घडलेले दाट केसांचे जनावर एप्रिलच्या उकाड्यात वन बीएचकेमध्ये आणायचे आणि केस गळतात म्हणून रस्त्यावर सोडायचे, याला हौस कसे म्हणावे? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार प्राण्याला असे वाऱ्यावर सोडणे गुन्हा आहे. पण पहिल्या वेळी दंड जास्तीत जास्त ५० रुपये, तेव्हा धाक कसला? शिवाय मादीला एकदा तरी पिल्ले व्हावीत, हा समज शिकल्यासवरल्या घरांतही टिकून आहे. तिच्या प्रकृतीला त्याची मुळीच गरज नसते आणि पिल्लांना घर मिळेलच असे नाही.